पाण्याच्या नळीने साधलेली पातळी

कुठे घराचं बांधकाम चालू असेल आणि दोन गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून पातळी बघत असतील, तर मी आजही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जातो. बायकोला हे माहीत आहे. ती पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि माझ्याबरोबर रस्ता ओलांडते.

या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली असतील. तेव्हा आम्ही काही मंडळी नागपूरबाहेरच्या एका माळावर दर रविवारी गोल्फ खेळायचो. गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि साहेबलोक येतात. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मी सरकारी हिशेब तपासणारा माणूस. बाकी एक डॉक्टर, एक कापडाचे व्यापारी, दोन प्राध्यापक आणि अध्यक्ष म्हणून निवृत्त न्यायाधीश. अध्यक्षांची काटोलला संत्र्याची बाग होती. हंगामात ते स्कूटरच्या डिकीतून संत्री आणायचे आणि खेळून झाल्यावर आम्ही कडुनिंबाखाली सालं काढत बसायचो. बायको म्हणायची, "एवढ्या थंडीत उठून एवढासा बॉल शोधायला जाता. घरात माझी सुई हरवली आहे, ती शोधा ना."

होल नऊच होते, म्हणून तेच नऊ दोनदा खेळायचे. होलभोवती जिथे गवत असायला हवं, तिथे आमच्याकडे वाळू होती. नागपूरच्या उन्हात गवत टिकवायचं तर पाणी लागतं, आणि पाणी कुठून आणणार? म्हणून वाळूत मोटारीचं जळकं तेल कालवून, वरून रूळ फिरवून गोल पट्टा करायचा. त्याला ब्राऊन म्हणायचे. चालून पाय उमटले की लाकडी फावड्याने ओढून तो पुन्हा गुळगुळीत करायचा. ब्राऊनवर आल्यावर बॉल हलक्या हाताने होलमध्ये ढकलायचा फटका म्हणजे पट. सगळा खेळ शेवटी पटवर येऊन अडतो.

रविवारच्या स्पर्धेचा हिशेब माझ्याकडे होता. सगळ्यात कमी फटके ज्याचे, तो जिंकला. ज्याचा खेळ कच्चा, त्याचे ठरलेले फटके वजा करून निकाल लावायचा. जिंकणाऱ्याला चांदीचा मुलामा दिलेला एक कप मिळायचा. तो आठवडाभर घरी ठेवायचा आणि पुढच्या रविवारी घासून-पुसून परत आणायचा, सोबत सगळ्यांसाठी घरचा चिवडा. बरोबरी झाली तर कप ज्याच्या घरी असेल त्याच्याच घरी राहायचा, हा आमचा रिवाज.

आमच्यातला एक बँकेत होता. माझा सगळ्यात जवळचा मित्र. मूळचा कुहीकडच्या धानाच्या गावातला. तीन वर्षं खेळत होता, कप त्याच्या घरी एकदाही गेला नव्हता. त्यावरून त्याची चेष्टा व्हायची. तो स्वतःच जास्त करायचा. "माह्या घरी आला तर कप घाबरून जाईल गा. नव्या जागी झोप नाही येत त्याले." पण कप त्याला हवा होता, हे मला माहीत होतं. त्याची बायको दर रविवारी दुपारी दारात उभी राहायची आणि आधी त्याच्या हाताकडे बघायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर सरावाच्या जागेत सुधारणा करायचं ठरलं. तोपर्यंत सरावाची जागा म्हणजे पाण्याच्या टाकीजवळचा दगडगोट्यांचा तुकडा. मी म्हटलं, हे काम मला द्या. तलावावरच्या कोळ्यांकडून जुनं जाळं आणलं आणि चार बांबूंवर ताणलं, म्हणजे जोराचे फटके मारले तरी बॉल हरवू नये. एक बाक केला. आणि पटच्या सरावासाठी एक नवा ब्राऊन.

तो ब्राऊन मी जीव लावून केला. दोन मजूर होते, पण पातळी मी स्वतः बघितली. नळीत पाणी भरून चारी दिशांना खुंट्या ठोकल्या. कुठे कणभर कमी-जास्त दिसलं की वाळू काढायची, घालायची, रूळ फिरवायचा, पुन्हा नळी. वाळू चाळून घेतली, तेल मापून घातलं. कचेरीतून सुटल्यावर आठवडाभर मी तेच केलं. झाल्यावर मध्यावर एक बॉल ठेवला. तो जागचा हलला नाही. मला फार बरं वाटलं. माझ्या सबंध नोकरीत मी दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढत आलो होतो. स्वतःच्या हाताने केलेलं, बिनचुकीचं असं काही माझ्याजवळ नव्हतं. ते आता होतं.

पहिल्या दिवशी सगळे बघायला आले. कापडवाले म्हणाले, "वा! कॅरमबोर्डच झाला हा तर." डॉक्टरांनी पाठ थोपटली. माझा मित्र खाली बसला, तळहात वाळूवर ठेवून म्हणाला, "आमच्या धानाच्या बांधीतही इतकं लेव्हल नसते गा. इथं धान लाव. पाणी सगळीकडे सारखं राहील."

सगळे हसले. मीही हसलो. मी ती तारीफ समजलो.

मला कळायला हवं होतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून माळावरचा प्रत्येक ब्राऊन एका अंगाला उतरता केलेला होता. कुठे डावीकडून उजवीकडे, कुठे मागून पुढे. मी त्यांवर कित्येक वर्षं खेळलो होतो. तो उतार डोळ्यांनी फारसा दिसत नाही, बॉलला मात्र कळतो. पट मारताना उताराचा अंदाज घेऊन होलच्या बाजूला नेम धरावा लागतो. आणि मी सरावासाठी असा ब्राऊन केला होता, जिथे बॉल नेहमी सरळच जायचा. त्यावर रोज खेळणाऱ्याच्या हाताला सरळ मारायची सवय लागणार, हे मला सुचलं नाही. माझं सगळं लक्ष नळीतल्या पाण्याकडे होतं.

त्या हिवाळ्यात सगळ्यांचेच आकडे बिघडले. निकाल मीच लावत होतो, त्यामुळे मला ते दिसत होतं. मी कारणं शोधली. थंडी जास्त आहे. लग्नसराई आहे, मंडळींची झोप होत नाही. पुढे काही जणांचे आकडे पुन्हा सुधारले. मला वाटलं, सरावाचा गुण आला.

जानेवारीच्या शेवटी मित्राची रायपूरला बदली झाली. पुढच्या शुक्रवारी सामान निघणार होतं, म्हणजे येणारा रविवार त्याचा शेवटचा. तो आठवडाभर रोज सकाळी माझ्या ब्राऊनवर सराव करत होता. मी फिरायला निघालो की मुद्दाम तिकडून जायचो. तो हात वर करायचा, मी हात वर करायचो. एवढ्या सकाळी तिथे तो एकटाच कसा, हा प्रश्न मला पडला नाही.

रविवारी आमच्या तुकडीत तिघे होतो. मी, मित्र आणि अध्यक्ष. मित्राचे लांबचे फटके त्या दिवशी असे बसत होते की अध्यक्षसुद्धा "वा, वा" म्हणाले. पटमध्ये मात्र त्याने दोनदा मार खाल्ला. बॉल होलच्या कडेवरून घसरून गेला. तरी पहिले नऊ संपले तेव्हा तो डॉक्टरांच्या बरोबरीने होता. कप तेव्हा डॉक्टरांच्या घरी होता.

मध्ये चहाला थांबलो. मी हात धुवायला टाकीकडे गेलो, तर मागच्या बाजूने बॉलचा आवाज आला. टाकीमागे जमीन साफ करून, होल म्हणून जुना डबा पुरून कुणीतरी छोटासा ब्राऊन केला होता. चांगला उतरता. पायांनी तुडवून तुडवून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. एक प्राध्यापक आणि कापडवाले तिथे पट मारत होते. मी टाकीच्या अलीकडे होतो, त्यांना दिसलो नाही.

"इथं आल्यावर माझा हात सुधरला ना यार," कापडवाले म्हणत होते. "त्या कॅरमबोर्डावर महिनाभर खेळलो आणि वाट लागली होती."

"हळू बोल. त्याच्या कानावर गेलं तर अध्यक्ष आपल्याले फाडून खातील. सांगून ठेवलं आहे ना त्यांनी, की एक शब्द बोलायचा नाही."

"मी काहून बोलू? बिचाऱ्यानं केवढा जीव लावला. माझी बायको आजारी होती तेव्हा इतकं नाही केलं मी."

"बँकवाला तेवढा अजून तिथंच खेळून राहिला."

"पागल आहे तो. आज हरला तर त्या कॅरमबोर्डानं हरेल."

मी हात न धुताच परतलो. चहा घेतला असेन, आठवत नाही. अध्यक्ष काहीतरी संत्र्याच्या भावाबद्दल सांगत होते आणि मी मान हलवत होतो. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच शांत होता. हा माणूस इतके आठवडे मला भेटत होता, माझ्या बाकावर बसत होता, आणि मला कळू नये म्हणून त्याने सगळ्यांची तोंडं बंद केली होती. लहान मुलाने काढलेलं चित्र भिंतीवर लावावं आणि पाहुण्यांना हसू नका म्हणून बजावावं, तसं.

दुसरे नऊ मी कसे खेळलो ते सांगण्यासारखं नाही. मी एकसारखा मित्राकडे बघत होतो. बॉल होलमध्ये जातो की नाही, एवढंच. बरेचसे गेले. प्रत्येक वेळी मला वाटायचं, नशिबाने गेला, पुढचा चुकेल.

शेवटच्या ब्राऊनवर आलो तेव्हा बाकीच्यांचं खेळून झालं होतं आणि ते भोवती उभे होते. मित्राचा बॉल होलपासून तीनेक पावलांवर होता. एका पटमध्ये गेला तर कप त्याचा. दोन लागले तर बरोबरी, आणि कप डॉक्टरांकडेच. त्याने लाकडी फावड्याने वाट ओढून घेतली. वाकून बघितलं. तो ब्राऊन डावीकडून उजवीकडे उतरता होता. मला तो उतार त्या दिवशी एखाद्या टेकडीएवढा दिसत होता.

गोल्फमध्ये आपल्या बरोबरच्या स्पर्धकाला सल्ला देता येत नाही. जो देतो त्याला दोन फटके दंड. ज्याला दिला त्याला काही नाही. हा नियम मला पाठ होता, मीच तो इतरांना समजावायचो. माझी तर त्या दिवशी कुठे गणतीच नव्हती, दोन फटक्यांनी काय बिघडणार? एवढा हिशेब डोक्यात झाला आणि मी बोललो.

"डावीकडून घे. उतार आहे. माझा ब्राऊन चुकला आहे. तिथला हात इथं लावू नको."

कापडवाल्यांनी टोपी काढून हातात घेतली. अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला दोन फटके दंड."

"मान्य," मी म्हणालो.

मित्र सरळ उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग पुन्हा वाकला, आणि बॉल सरळ होलच्या दिशेने मारला. डावीकडे केसभरसुद्धा नाही. बॉल निघाला, मध्यावर आल्यावर उजवीकडे कलला आणि होलच्या खालच्या अंगाने निघून गेला. दुसरा पट त्याने शांतपणे आत टाकला. बरोबरी.

डॉक्टर पुढे आले. "कप तू घेऊन जा. माझ्या घरी तो कंटाळला आहे."

"नाही जी, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "खेळून नाही आला. परत खेळायला येईन तेव्हा घेऊन जाईन." येणार कुठला? शुक्रवारी सामान निघणार होतं.

परतताना तो माझ्या स्कूटरवर मागे बसला होता. फाटकापाशी मालगाडी होती. तिथे मी इंजिन बंद केलं.

"तुले उतार दिसला नाही का?" मी समोर बघतच विचारलं.

"दिसला ना. मी काय आंधळा आहे? पहिल्या नऊमध्ये हात सरळ गेला दोनदा. मग दुसऱ्या नऊमध्ये प्रत्येक पट उतार पाहूनच मारला. तू तर माझ्याकडेच पाहून राहिला होता सगळा वेळ."

मी बॉलकडे बघत होतो. तो कुठे नेम धरतो, हे बघितलंच नव्हतं.

"मग शेवटचा सरळ काहून मारला?"

"डावीकडेच मारणार होतो गा. तूच मधात बोलला."

"बोललो तर काय? दंड मले होता. तुले चालत होतं. नियमात बसते."

"नियमात बसते. मले नाही बसत. तू सांगितल्यावर तिकडं मारला असता आणि गेला असता, तर तो पट कोणाचा? बायकोले काय सांगू? कप आणला, पण शेवटचा फटका त्यानं सांगितला?"

मालगाडीचे डबे जात होते. मी ते मोजले नाहीत, आणि मी सहसा मोजतो.

"तुले आधीपासून माहीत होतं," मी म्हणालो. "माझा ब्राऊन चुकीचा आहे ते. त्या धानाच्या वेळीच."

"हो."

"मग तिथंच काहून खेळत राहिला? टाकीमागं जायचं होतं, सगळ्यांसारखं."

"सगळेच टाकीमागं गेले, तर तू तो बनवला कोणासाठी?" तो म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चल, फाटक उघडलं."

मला स्कूटर पहिल्या लाथेत सुरू करता आली नाही.

गुरुवारी मी आणि बायको मित्राकडे जेवायला गेलो. घरातलं सामान बांधून झालं होतं, खोकीच खोकी. रेडिओ मात्र अजून भिंतीशी होता आणि त्याच्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल अंथरलेला होता. वर काहीच नव्हतं. माझ्या बायकोने सहज विचारलं, "हा रुमाल नवा वाटतो. तू विणला काय वं?"

"कपासाठी विणला होता," त्याची बायको म्हणाली. "चांगली तीन वर्षं झाली. त्या मापाचा आहे. तुझ्या घरी ठेव तू. रायपूरला कशाले न्यायचा?" मग तिच्या लक्षात आलं की मी समोर बसलो आहे. तिने घाईघाईने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. "भाऊजी, तुम्ही तर काही जेवतच नाही."

मित्राने घरी काय सांगितलं होतं, मला कळलं नाही. माझं नाव त्यात नसणार, हे माहीत होतं. म्हणूनच पोळी पानात तशीच राहिली.

पुढच्या रविवारी मी दोन मजूर, कुदळ आणि ती नळी घेऊन स्पर्धेच्या आधी मैदानावर पोचलो. बघतो तर माझ्या ब्राऊनवर सगळी मंडळी. डॉक्टर, कापडवाले, दोन्ही प्राध्यापक. टाकीमागचा डबासुद्धा उपटून टाकलेला होता. अध्यक्ष बाकावर बसले होते.

"या, या," कापडवाले म्हणाले. "कसा सरळ जातो पाहा बॉल! मजा येते."

"बाजूला व्हा," मी म्हणालो. "खोदायचं आहे."

"कशाले? चांगला तर आहे."

"आम्हाले आवडतो गा. राहू दे."

कुणी हलेना. एक प्राध्यापक तर पट मारायला वाकले. मजूर माझ्या तोंडाकडे बघू लागले. कचेरीत माझ्या टेबलावर रोज कागद यायचे आणि मी त्यांवर लाल शाईने 'चुकीचे आहे' असं लिहायचो. त्या शब्दांना मला कधी काही वाटलं नव्हतं.

"हे चुकलं आहे," मी म्हणालो. कुणी वर बघितलं नाही म्हणून पुन्हा म्हणालो. "माझं चुकलं आहे. सरळ सांगायचं होतं तुम्ही मला."

अध्यक्ष उठले. "सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "आमचंही चुकलंच." मग ते ब्राऊनवरून खाली उतरले आणि बाकीचेही उतरले. डॉक्टरांनी मजुराच्या हातून कुदळ घेतली. डॉक्टरांना कुदळ धरता येत नव्हती, पण कुणी हसलं नाही. मी त्याच नळीने एका बाजूची खुंटी दोन बोटं खाली घेतली. दुपारपर्यंत उतार झाला. त्या रविवारी स्पर्धा झालीच नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी कप मला मिळाला. डॉक्टर गावाला गेले होते, कापडवाल्यांचा हात दुखत होता, असं सगळं जुळून आलं. घरी आलो तर बायकोने रेडिओवर तो क्रोशाचा रुमाल आधीच अंथरून ठेवला होता. कुणी तिला निरोप दिला होता कोण जाणे. तिने कप माझ्या हातातून घेतला आणि मधोमध ठेवला. अगदी मापात बसला.

ती चिवड्याचं काय करायचं ते बघायला आत गेली. मी कप उचलला, रुमालाची घडी करून कपाटात ठेवली आणि कप उघड्या लाकडावर ठेवला. तिने बाहेर आल्यावर बघितलं. तो आठवडाभर संध्याकाळच्या बातम्या लागल्या की रेडिओ थरथरायचा आणि त्याच्यावर कप बारीक आवाज करत राहायचा.